सिगारची चव नाकात कशी तयार होते

सिगारचं वर्णन करणाऱ्यांच्या तोंडी ठरावीक शब्द येतात: देवदाराचं लाकूड, चामडं, कॉफी, कोको, काळी मिरी, ओली माती, भाजलेले बदाम, वाळलेलं गवत. नवख्या माणसाला वाटतं, एक तर हे सगळं तंबाखूत मुद्दाम मिसळलेलं असणार, नाही तर सांगणारा थापा मारत असणार. सुगंधी द्रव्यं घातलेले सिगार मिळतात हे खरं, पण ती जातच वेगळी. हाताने वळलेल्या चांगल्या साध्या सिगारमध्ये तंबाखूची पानं आणि टोक चिकटवायला थेंबभर डिंक, याखेरीज काही नसतं. तरीही त्यात कॉफी जाणवते, लाकूड जाणवतं, आणि ते जाणवणं खरं असतं. ते जाणवतं कुठे, याबद्दल मात्र बहुतेकांचा गैरसमज असतो. आपण त्याला चव म्हणतो आणि श्रेय जिभेला देऊन टाकतो. काम बव्हंशी नाकाने केलेलं असतं.

जिभेला ओळखता येतात त्या चवी मोजक्याच: गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी उमामी, म्हणजे मशरूमसारख्या पदार्थांतली रसदार, मुरलेली चव. सिगारच्या धुरातला कडवटपणा जिभेला कळतो, पुसटसा गोडवा किंवा आंबटपणाही कळतो. देवदार आणि कोको ओळखणं तिच्या आवाक्याबाहेरचं आहे. पटत नसेल तर सिगारची गरजही नाही. नाक घट्ट दाबून धरा आणि चॉकलेटचा तुकडा चघळा. गोड लागेल, थोडं कडू लागेल, तुकडा विरघळतोय हेही समजेल. पण ते चॉकलेट आहे हे समजणार नाही. आता नाक सोडा. पुढच्याच उच्छ्वासाला चॉकलेट हजर होतं, आणि गंमत म्हणजे ते तोंडातच आल्यासारखं वाटतं.

नाकाकडे जायला गंधाला दोन वाटा आहेत. एक समोरून, नाकपुड्यांतून. फूल हुंगताना हीच वाट वापरली जाते. दुसरी मागून. तोंडाची पोकळी घशाच्या वरच्या भागात नाकाला आतून जोडलेली असते. काही चावताना, गिळताना किंवा श्वास सोडताना तोंडातली गंधयुक्त हवा त्या वाटेने वर चढते. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने 1982 साली असं मांडलं की या दोन वाटांनी येणारा वास मेंदू दोन निराळ्या प्रकारे वाचतो: समोरून आलेला वास बाहेरच्या जगातल्या वस्तूचा म्हणून, आणि मागून आलेला तोंडातल्या पदार्थाचा म्हणून. म्हणून मागच्या वाटेने आलेल्या वासाला आपण वास म्हणतच नाही, चव म्हणतो. कोव्हिडच्या साथीत असंख्य लोकांनी ‘जेवणाला चवच लागत नाही’ अशी तक्रार केली. त्यांतल्या अनेकांची जीभ ठणठणीत होती, गेलं होतं ते वास घेणं.

सिगारच्या बाबतीत ही मागची वाट इतकी महत्त्वाची का ठरते, हे समजायला तंबाखूच्या रसायनशास्त्रात थोडं शिरावं लागतं. सिगारेटमध्ये मुख्यत्वे वापरली जाते ती तंबाखू गरम हवेच्या भट्टीत साधारण आठवड्याभरात वाळवलेली असते. तिच्यात साखर भरपूर उरते आणि तिचा धूर किंचित आम्लधर्मी असतो. त्या धुरातलं निकोटीन तोंडातून फारसं शोषलं जात नाही, फुप्फुसातूनच रक्तात उतरतं. सिगारचं पान हवेवर सावकाश वाळवतात आणि मग आंबवतात. त्यात साखर जवळजवळ उरत नाही आणि धूर अल्कधर्मी होतो. त्यातलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच शोषलं जातं. शिवाय हा धूर छातीला इतका बोचरा लागतो की सहसा कोणी तो आत घेत नाही. धूर तोंडात घ्यायचा, घोळवायचा, सोडायचा. म्हणजे सिगारचा सगळा व्यवहार तोंड आणि नाक यांच्यामध्येच होतो, आणि गंधाला एवढा वेळ, एवढी जागा तंबाखूच्या दुसऱ्या कुठल्या प्रकारात क्वचितच मिळते.

आता नाकात काय होतं ते पाहू. नाकाच्या पोकळीत अगदी वर, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध येईल अशा जागी, काही चौरस सेंटीमीटरचा एक पापुद्रा असतो. वास ओळखणाऱ्या पेशी त्यात असतात आणि त्यांच्यावर सुमारे 400 प्रकारचे ग्राही, म्हणजे गंधाचे रेणू पकडणारी प्रथिनं, असतात. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी 1991 मध्ये या ग्राहींची जनुकं शोधली, आणि 2004 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. कळीची गोष्ट अशी की एका रेणूसाठी एक ग्राही अशी सरळ वाटणी इथे नाही. एक रेणू अनेक ग्राहींना जागं करतो, एक ग्राही अनेक रेणूंना दाद देतो, आणि कोणकोणते ग्राही एकत्र जागे झाले यावरून मेंदू वास ठरवतो. पेटीच्या मोजक्या पट्ट्यांतून अगणित चाली निघाव्यात, तसं हे आहे.

तंबाखूच्या धुरात 7,000 हून जास्त रसायनं असतात. ती 7,000 वास म्हणून येत नाहीत. त्यांतली बरीचशी आपल्याला जाणवतच नाहीत, आणि उरलेली एकमेकांत मिसळून थोड्याशा ओळखीच्या आकृत्या उभ्या करतात. ‘कॉफी’ ही त्यांतली एक. आणि ती नुसती कविकल्पना नसते. कॉफीच्या बिया, कोको, दाणे भाजले की पायराझीन नावाच्या कुळातली संयुगं तयार होतात, आणि तीच संयुगं आंबवलेल्या, जळत्या तंबाखूतही असतात. लाकडातला लिग्निन हा घटक तापून फुटला की ग्वायकॉल आणि व्हॅनिलिन सुटतात. पहिल्याला धुरकट लाकडी वास आहे, दुसरं तर व्हॅनिलाचंच मुख्य गंधद्रव्य. तंबाखूच्या पानातही लिग्निन असतंच. गुलाबाच्या तेलाला ज्याच्यामुळे त्याचा खास वास येतो ते डॅमॅसेनोन तंबाखूतही सापडतं आणि कॉफीतही. तेव्हा एखाद्याला सिगारमध्ये फुलांचा भास झाला तर त्याला हसू नये. चामड्याचं काय, असा प्रश्न येईल. सिगारमध्ये चामडं अर्थातच नसतं, पण अनेक रेणूंच्या मेळातून उमटणारी आकृती चामड्याच्या आकृतीशी पुरेशी जुळते, आणि मेंदू आठवणीतला सर्वांत जवळचा शब्द पुढे करतो.

मिरीचं प्रकरण यात बसत नाही. झुरक्याबरोबर नाकाच्या आत आणि घशाशी जी चुरचुर होते ती चवही नव्हे आणि वासही नव्हे. चेहऱ्याची एक मोठी मज्जातंतू, ट्रायजेमिनल, ती जाणीव पोचवते. मिरचीचा जाळ, पेपरमिंटचा गारवा, अमोनियाचा भपकारा हे सगळं तिच्याच अखत्यारीतलं. निकोटीन, अमोनिया आणि धुरातले काही तिखट रेणू तिला डिवचतात. बऱ्याच जणांना सिगार ‘कडक’ वाटतो तो या चुरचुरीमुळे, आणि ती वाढली की मागचे नाजूक वास झाकले जातात. म्हणून कडक सिगार म्हणजे स्वादाने समृद्ध सिगार, हे समीकरण मला मुळीच मान्य नाही. एखादा सौम्य सिगार गंधाने भरलेला असू शकतो आणि एखादा दणकट सिगार नुसता दणकट.

हा गंध पानात येतो कुठून? सुरुवात शेतात होते. तंबाखूच्या झाडावरून हात फिरवला की बोटं चिकट होतात. पानांवर बारीक लव असते आणि तिच्या टोकांतून राळेसारखा पदार्थ पाझरतो. किडींपासून बचाव म्हणून झाड तो तयार करतं. पुढे पान वाळताना आणि आंबताना हीच राळ मोडते आणि तिच्यातून सोलानोनसारखी गंधद्रव्यं निघतात. झाडावर पान कुठे आहे यावरही बरंच अवलंबून असतं. शेंड्याकडच्या पानांना ऊन जास्त मिळतं. ती जाड, तेलकट, निकोटीनने भरलेली आणि हळू जळणारी असतात. त्यांना लिहेरो म्हणतात. मधल्या सेको पानांकडून मुख्यतः सुगंधाची अपेक्षा असते. खालची व्होलादो पातळ आणि सौम्य; सिगार नीट पेटता राहावा म्हणून ती घालतात. सिगारच्या पोटात, म्हणजे फिलरमध्ये, या तिन्हींचं प्रमाण जुळवणं हे मिश्रण करणाऱ्याचं खरं कसब.

सर्वांत बाहेरच्या पानाला, रॅपरला, फार जपतात. अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या खोऱ्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शेतावर कापडाचे मांडव घालून सावलीत पातळ, फिकट रॅपर पिकवतात. इक्वाडोरमध्ये हेच काम ढग करतात. गडद, जवळजवळ काळसर रॅपर जास्त काळ आणि जास्त उष्णतेत आंबवलेला असतो. रॅपरवर चवीचे साठ टक्के अवलंबून असतात, नव्वद टक्के असतात, अशी विधानं सर्रास केली जातात. ओठांना लागतो तो रॅपर, त्यामुळे त्याचं महत्त्व आहेच, पण गंध असा टक्क्यांत वाटून देता येत नाही. तेच पान वेगळ्या फिलरवर गुंडाळलं की वेगळं बोलतं.

खुडलेली पानं कोठारात टांगून काही आठवडे सावकाश वाळवतात. घाई केली तर पान हिरवं असतानाच मरतं आणि मग त्याचा कच्चा गवतट वास काही केल्या जात नाही. सावकाश वाळणाऱ्या पानात पेशी बराच काळ जिवंत असतात. हरितद्रव्य मोडतं, स्टार्चची साखर होते आणि तीही संपते, पान पिवळं आणि मग तपकिरी होतं. गाजराला रंग देणारी कॅरोटिनॉइड्स तंबाखूच्या पानातही असतात. ती मोडताना आयोनोन, डॅमॅसेनोन आणि तंबाखूचा खास असा गोडसर लाकडी वास देणारी संयुगं तयार होतात. ताज्या हिरव्या पानाला तंबाखूचा वास येत नाही, तो या मोडतोडीतून येतो.

मग आंबवणं. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत सर्वांत विलक्षण टप्पा हाच. किंचित ओलसर पानांच्या जुड्या एकावर एक रचून माणसाच्या उंचीची गंज उभी करतात. बाहेरून उष्णता द्यावी लागत नाही. पानातली विकरं (एन्झाइम्स) आणि सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि गंज आतून तापू लागते. मध्यभागी खुपसलेल्या तापमापकावर रोज नजर ठेवतात. पारा ठरवलेल्या मर्यादेला, बहुधा चाळीस ते साठ अंशांच्या दरम्यान कुठेतरी, पोचला की गंज मोडायची, पानं झटकून मोकळी करायची आणि पुन्हा रचायची, आतली बाहेर आणि बाहेरची आत. हे अनेकदा, काही जातींच्या बाबतीत महिनोन्‌महिने चालतं. प्रथिनं मोडून अमोनिया सुटतो, आणि तो इतका असतो की गुदामात डोळ्यांतून पाणी येतं. तो निघून जाणं गरजेचंच असतं. पुरेशा न मुरलेल्या सिगारचा तो नाकाला झोंबणारा वास याच अमोनियाचा. त्याच वेळी उरलीसुरली शर्करा आणि अमिनो आम्लं यांच्यातली अभिक्रिया पानाला गडद करते आणि भाजल्यासारखे, कोकोसारखे वास घडवते.

इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ज्या वाळवण्यात आणि आंबवण्यात हा सुगंध तयार होतो, त्याच टप्प्यांवर तंबाखूतली नायट्रोसामाइन्सही तयार होतात. ती कर्करोगकारक आहेत. दोन्ही गोष्टी एकाच गंजीत, एकाच वेळी घडतात, आणि नाकाला त्यांतली एकच कळते. पेटल्यावरही तेच. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. ‘शुद्ध पान आहे, वास किती छान, हे काय अपाय करणार’ हा युक्तिवाद म्हणूनच फोल आहे. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते, आणि धूर छातीत न घेणाऱ्यालाही तोंड, स्वरयंत्र आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका राहतोच. सुगंधाबद्दल बोलताना हे वगळणं मला अप्रामाणिक वाटतं.

तयार सिगार टिकवणं म्हणजेही मुख्यतः गंध टिकवणं. 65 ते 70 टक्के आर्द्रता साधारणपणे योग्य मानतात. त्याहून कोरडा पडला तर सुगंधी तेलं उडून जातात आणि सिगार भराभर, तापून जळतो. फार दमट झाला तर धड पेटत नाही, बुरशी धरते. पेट्यांसाठी वापरलं जाणारं ‘स्पॅनिश सीडर’ खरं तर देवदाराच्या कुळातलं नाही. ते महोगनी आणि कडुलिंब यांच्या कुळातलं झाड आहे. त्याचं लाकूड ओलावा सांभाळतं, किडीला दूर ठेवतं आणि स्वतःचा मंद वास पानाला देतं. सिगारमध्ये जाणवणाऱ्या लाकडी वासात या पेटीचाही थोडा वाटा असतो.

पेटवण्याआधी जाणकार सिगार हुंगतात. आधी अंगावरून, मग पेटवायच्या टोकाशी. तोंडाकडचं टोक कापून न पेटवताच एक झुरका घेतात. या थंड झुरक्यात पानाचा स्वतःचा वास मिळतो: गवत, मनुका, कोठाराची आठवण देणारं काहीतरी. पेटल्यावर चित्र पालटतं, कारण आता वास नुसता सुटत नाही, घडतो. पेट्रोलवर चालणारा लायटर याच कारणासाठी टाळतात, इंधनाचा वास पहिल्या झुरक्यांत उतरतो. काडीने पेटवायचं तर आधी गुलाची भकभक संपू देतात.

निखाऱ्यात तंबाखू जळून राख होते, तिथे सुगंध फारसा शिल्लक राहत नाही. स्वाद तयार होतो तो निखाऱ्याच्या जेमतेम मागे. तिथे प्राणवायू कमी आणि उष्णता भरपूर, त्यामुळे पान जळत नाही, तापून फुटतं आणि नवी संयुगं बनतात. आणखी थोडं मागे उष्णता जरा कमी, तिथे पानातली मूळ सुगंधी तेलं वाफ होऊन झुरक्याबरोबर ओढली जातात. धूर पुढे थंड पानांतून येताना त्यातला काही भाग त्यांच्यावर साचतो. निखारा जवळ सरकत येतो तसा हा साचलेला अंश पुन्हा तापतो, आणि म्हणून शेवटचा तिसरा हिस्सा नेहमी जड, कडक लागतो. भराभर झुरके घेतले तर निखारा फाजील तापतो, पिरिडिनसारखी कडवट करपट संयुगं वाढतात आणि नाजूक वास मोडून पडतात. मिनिटाला साधारण एक झुरका ही रीत शिष्टाचारातून आलेली नाही. तिच्यामागे तापमानाचं गणित आहे.

मग येतो ‘रेट्रोहेल’. तोंडातला बराचसा धूर आधी सोडून द्यायचा आणि उरलेला थोडा, छातीत न घेता, घशाच्या मागच्या बाजूने वर लोटून नाकातून बाहेर काढायचा. मागची वाट मुद्दाम उघडण्याचा हा प्रकार. तो करताच आतापर्यंत नुसता ‘तंबाखू’ लागणारा धूर सुटा होतो. लाकूड वेगळं, भाजलेपणा वेगळा. चुरचुरही तितक्याच जोरात येते, कारण ट्रायजेमिनल नाकातही आहे. याचं जरा जास्तच स्तोम माजवलं जातं, असं माझं मत. तोंडातून धूर सोडतानाही थोडा अंश आपोआप नाकाकडे जातोच, आणि स्वाद कळायला तोही बऱ्याच अंशी पुरतो. शिवाय धूर नाकाच्या नाजूक आवरणावरून नेणं म्हणजे त्या आवरणालाही धुराची झळ पोचवणंच.

नाक लवकर सरावतं हेही लक्षात ठेवावं. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत त्याची जाणीव पुसट होते. सिगार अर्ध्यावर ‘बदलला’ असं वाटतं त्यात धुराचा बदल असतो तसा या सरावाचाही हात असतो. आणि अपेक्षेचा. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोर्दोमध्ये मद्यशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन लाल रंग मिसळून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. डोळ्यांनी नाकाला फिरवलं. गडद रॅपर पाहिला की चॉकलेट आठवतं, त्यामागे हेही असू शकतं. स्वतःच्या नाकाची परीक्षा घ्यायची तर सिगारवरची नावाची कागदी पट्टी काढून, वर्णन न वाचता, दुसऱ्या कोणी हातात दिलेला सिगार बरा.

याच सिगारचा वास शेजारी बसलेल्या माणसाला मात्र वेगळा येतो, आणि हे ओढणाऱ्याने समजून घ्यायला हवं. त्याच्याकडे जातो तो दोन झुरक्यांच्या मधे जळत्या टोकावरून उठणारा धूर. तो कमी तापमानाला तयार होतो, पानांतून गाळला जात नाही, आणि त्यात अमोनिया आणि पिरिडिनचं प्रमाण जास्त असतं. त्याला मागच्या वाटेने येणारी ‘चव’ही नसते, नुसता वास समोरून येतो. पडद्यांत आणि कपड्यांत मुरतात ते याच धुराचे जड कण. ‘इतका छान वास, तरी घरचे नाक का मुरडतात’ याचं उत्तर यात आहे. घरचे खोटं बोलत नसतात, त्यांच्या वाट्याला आलेला धूरच निराळा असतो, आणि अपायही त्याचा त्यांना होतो.

शेवटी त्या पापुद्र्याबद्दल, ज्याच्यावर हा सगळा आनंद उभा आहे. वास ओळखणाऱ्या पेशी नाकातल्या हवेला उघड्या असतात, झिजतात आणि पुन्हा तयार होतात. नियमित धूम्रपान करणाऱ्यांची वास ओळखण्याची क्षमता, सरासरीने पाहता, न करणाऱ्यांपेक्षा कमी असते, आणि सवय जितकी जुनी तितकी ती जास्त घटलेली आढळते. सोडल्यावर ती हळूहळू परत येऊ लागते, पण वर्षानुवर्षांच्या सवयीनंतर त्याला वर्षंही लागू शकतात.